कासवांची शुश्रूषा व निवारा

आजारी किंवा जखमी कासवाची देखभाल आणि तिच्यासाठी लागणाऱ्या बंदिस्त जागेची रचना. कासव (गण टेस्टुडिनीज) हा अनियततापी, म्हणजे शरीराचे तापमान भोवतालच्या तापमानानुसार बदलणारा प्राणी आहे. त्याचे पचन, श्वसन, रोगप्रतिकारशक्ती आणि औषधाचे शरीरातील शोषण ही सर्व बाहेरून मिळणाऱ्या उष्णतेवर अवलंबून असतात. त्यामुळे बंदिवासातील कासवांचे बहुतेक आजार जागेच्या सदोष रचनेतून व चुकीच्या आहारातून उद्भवतात आणि हे दोष दूर केल्याखेरीज औषधे लागू पडत नाहीत.

महाराष्ट्रातील अनेक शिवालयांत नंदीसमोर दगडी कासव कोरलेले असते. कासव घरात असणे शुभ, या समजुतीचा फायदा चोरट्या व्यापाराने घेतला आहे. त्यात सर्वाधिक बळी पडणारी जाती म्हणजे तारका कासव (स्टार कासव, जिओकेलोन एलेगन्स). काळसर घुमटाकार पाठीवर पिवळ्या रेषांच्या चांदण्या असलेले हे जमिनीवरील कासव मुख्यतः गुजरात-राजस्थानचा कोरडा प्रदेश, दक्षिण भारताचा पूर्व भाग व श्रीलंका येथील आहे. जळगाव व धुळे जिल्ह्यांतील तापी, गिरणा, पांझरा या नद्यांच्या खोऱ्यांत लोकांच्या हाती अधिक येते ते लिसेमिस पंक्टॅटा हे मऊ कवचाचे पाणकासव. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली या दोन्ही जाती संरक्षित असून २०२२ च्या दुरुस्तीनंतर (अंमल १ एप्रिल २०२३ पासून) दोन्ही अनुसूची १ मध्ये आहेत. त्या घरी बाळगणे हा तुरुंगवासास पात्र गुन्हा आहे. २०१९ मध्ये तारका कासवाचा आंतरराष्ट्रीय व्यापारही पूर्णपणे वर्ज्य ठरविण्यात आला. म्हणून पुढील माहिती पशुवैद्य व शुश्रूषा केंद्रे यांच्या उपयोगाची आहे; सापडलेले कासव वनखात्याच्या स्वाधीन होईपर्यंत ते सांभाळणाऱ्यालाही ती उपयोगी पडेल.

खानदेशचे हवामान कासवाच्या निवाऱ्याची कसोटी पाहणारे आहे. एप्रिल-मे महिन्यांत दुपारचे तापमान ४४–४५° से. पर्यंत जाते, तर डिसेंबर-जानेवारीतील काही रात्री ते १०° से. च्या खाली उतरते. तारका कासवाला दिवसा २८–३२° से. तापमान मानवते आणि ४०° से. च्या वर थोडा वेळही प्राणघातक ठरू शकतो. रानात ते झुडपाच्या बुडाशी किंवा गवतात शिरून बचाव करते; सिमेंटच्या गच्चीवर अथवा पत्र्याच्या पेटीत त्याला पळायला जागाच नसते. एकच एक योग्य तापमान राखण्यापेक्षा जागेचे एक टोक उबदार व दुसरे थंड ठेवावे आणि निवड कासवावर सोडावी, हे उत्तम.

एका प्रौढ तारका कासवाला ४ ते ५ चौ. मी. जागा लागते. भिंत सुमारे ४५ सेंमी. उंच व अपारदर्शक असावी. जाळीतून पलीकडचे दिसले, की कासव दिवसभर तिला धडका देत राहते. भिंतीचा पाया २०–३० सेंमी. खोल न्यावा आणि मुंगूस, घूस, कुत्री व कावळे यांच्यापासून संरक्षणासाठी वरून जाळी घालावी. तापीकाठची काळी माती पावसाळ्यात चिखल होऊन दिवसेंदिवस ओली राहते व पोटाकडील कवच कुजू लागते. म्हणून तळाशी मुरूम व त्यावर निचरा होणारी माती घालून जागा उताराची करावी. आडवा अर्धा पुरलेला फुटका रांजण हा उत्तम आडोसा होय. त्यावर ज्वारीच्या कडब्याचे छप्पर व उन्हाळ्यात एका बाजूस ओले गोणपाट पुरेसे होते. अन्न सपाट फरशीवर द्यावे, म्हणजे त्याबरोबर वाळू पोटात जात नाही. थंडीत रात्री कासव लाकडी खोक्यात घालून घरात घ्यावे. तापमापक भिंतीवर नव्हे, तर कासवाच्या पाठीच्या उंचीवर ठेवावा. कोवळे ऊन थेट मिळाले पाहिजे, कारण काचेतून जंबुपार किरणे पुरेशी येत नाहीत आणि त्यांच्याअभावी ड जीवनसत्त्व तयार न होऊन कवच मऊ पडते.

आहाराचा दोष खानदेशात विशेष दिसण्यासारखा आहे, कारण केळी येथे विपुल व स्वस्त आहेत आणि कासव ती आवडीने खाते. १०० ग्रॅ. केळ्यात कॅल्शियम सुमारे ५ मिग्रॅ., तर फॉस्फरस २२ मिग्रॅ. असतो; कासवाला मात्र कॅल्शियम फॉस्फरसाच्या किमान दुप्पट हवे. शिवाय साखरेमुळे हगवण लागते. हरळी, जास्वंदीची पाने व फुले, शेवग्याचा पाला, काटे काढलेले निवडुंग हा योग्य आहार होय. सोबत समुद्रफेणाचा तुकडा ठेवावा. कपाशीच्या किंवा केळीच्या बागेच्या बांधावरचे, फवारणी झालेले गवत घालू नये.

आजाराची चिन्हे उशिरा दिसतात. वजन घटणे हे सर्वांत आधीचे, म्हणून दर आठवड्यास वजन नोंदवावे. नाकातून पाणी वा फेस येणे, मान ताणून तोंडाने श्वास घेणे ही फुप्फुसदाहाची लक्षणे होत. कासवाला मध्यपटल नसते व त्याला जोराने खोकता येत नाही; स्राव फुप्फुसातच साचतो. अशा कासवाला रात्रंदिवस २८–३०° से. तापमानात कोरड्या जागी ठेवणे हा पहिला उपचार. दुसरा म्हणजे कोमट पाण्याचे अवगाहन : उथळ भांड्यात कवचाच्या खालच्या कडेपर्यंत पाणी घेऊन १५–२० मिनिटे बसविणे. बेशुद्ध किंवा मान धरू न शकणाऱ्या कासवाला मात्र पाण्यात ठेवू नये. थंड पडलेल्या कासवाच्या तोंडात बळेच अन्न घालू नये. ते पचत नाही, कुजते.

वाहनाखाली कवच फुटल्यास जखम उकळून थंड केलेल्या मिठाच्या पाण्याने धुवावी, स्वच्छ जाळीदार कापडाने झाकावी व माश्यांपासून जपावी. एरवी एकदोन दिवसांत अळ्या पडतात. तेल, चुना किंवा डांबर लावणे अपायकारक आहे. कवच हे जिवंत हाड असून ते सांधण्यास कित्येक महिने लागतात.

औषधे पशुवैद्यानेच द्यावी. दोन गोष्टी ध्यानात ठेवण्याजोग्या आहेत. मागील भागातून येणारे रक्त हृदयाकडे जाण्यापूर्वी वृक्कांतून जाऊ शकते, म्हणून अंतःक्षेपण शक्यतो पुढच्या पायात देतात. आणि गुरांच्या जंत-गोचिडांवर सर्रास वापरले जाणारे आयव्हरमेक्टिन कासवांना मारक आहे. खेड्यातील गोठ्यात ते हाताशी असल्याने हा धोका खरा आहे. कासवांच्या विष्ठेतून साल्मोनेला जंतू पसरतात, तेव्हा हाताळल्यावर साबणाने हात धुवावे.

पाणकासवाबाबत एक गैरसमज नेहमी आढळतो. तळी आटल्यावर लिसेमिस चिखलात पुरून घेऊन ग्रीष्मनिद्रा घेते. नांगरताना वा गाळ काढताना निघालेले असे मंद, न खाणारे कासव आजारी समजून घरी आणले जाते. वस्तुतः त्याला जखम नसेल, तर जवळच्याच ओलसर सावलीच्या जागी सोडणे एवढेच पुरे असते. जखमी असल्यास वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. बरे झालेले पाणकासव जेथे सापडले त्याच जलाशयात सोडतात. तारका कासवांना हे लागू होत नाही. जप्त केलेली कासवे कोणत्या प्रदेशातील हे बहुधा ठाऊक नसते व ती सातपुड्याच्या पायथ्याशी सोडल्यास रोगप्रसाराची भीती असते. बाजारात मिळणारे तांबड्या कानपट्टीचे अमेरिकी कासव (ट्रॅकेमिस स्क्रिप्टा एलेगन्स) कंटाळा आला म्हणून मेहरूण किंवा नकाणे तलावासारख्या जलाशयात सोडणे तर अधिकच वाईट. ते स्थानिक कासवांचे अन्न व ऊन खाण्याच्या जागा बळकावते.