भायखळ्याचा दगडी हत्ती आणि गार खोलीतले पेंग्विन

राणीच्या बागेत भेटणारा पहिला हत्ती दगडाचा आहे. मूळचा घारापुरीचा, याच्यावरूनच पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा म्हटलं. १८६४ साली त्याला इंग्लंडला न्यायचा घाट घातला गेला. उचलताना क्रेन मोडली, हत्ती कोसळला, त्याचे तुकडे झाले. ते तुकडे मुंबईतच पडून राहिले आणि १९१४ साली पुन्हा जोडले गेले. आता तो भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या बाहेर उभा आहे. जवळ जाऊन पाहिलं की अंगावरचे सांधे दिसतात.

संग्रहालयाच्या मागच्या अंगाला काळा घोडा आहे. फोर्टात ज्याच्या नावानं अजून परिसर ओळखला जातो तो हाच, पाठीवर सातव्या एडवर्डला घेऊन १९६५ साली इथं आलेला. शहराला नकोसं झालेलं जनावर शेवटी भायखळ्याला पोचतं, असं म्हणायचा मोह होतो.

जिवंत जनावरं मात्र या बागेत उशिरा आली. १८६२ च्या नोव्हेंबरात लेडी फ्रियर यांच्या हस्ते व्हिक्टोरिया गार्डन्स खुलं झालं, तेव्हा ती झाडांची बाग होती. गोरखचिंच, उर्वशी अशी दूरदेशीची झाडं इथं लावली गेली. प्राण्यांसाठी जागा वाढवून मिळाली ती १८९० साली. पुढे बाग वीरमाता जिजाबाईंच्या नावाची झाली, तरी भायखळ्याला उतरून कुणी ‘जिजामाता उद्यान कुठे’ असं क्वचितच विचारतं. शाळेची सहल, हत्तीवरची फेरी आणि माकडांपुढची गर्दी हे सगळं राणीच्या बागेतच घडलं.

तेव्हाचं प्राणी दाखवणं म्हणजे गज, फरशी आणि पाटी. युरोपात यातून वेगळी वाट काढली ती हाम्बुर्गच्या कार्ल हागेनबेक या जनावरांच्या व्यापाऱ्यानं. १९०७ साली त्यानं श्टेलिंगनला प्राणिसंग्रहालय उघडलं, तिथं सिंह आणि माणूस यांच्यामध्ये गज नव्हतेच. होता तो पाहणाऱ्याला न दिसणारा खंदक. सिंह किती लांब उडी मारतो याचा हिशेब आधी झाला होता. जनावर मोकळं झालं नव्हतं, पाहणाऱ्याच्या डोळ्यांतला अडथळा तेवढा गेला. भायखळ्यात गजांची जागा आता ठिकठिकाणी काचेनं घेतली आहे. २०२० साली औरंगाबादच्या सिद्धार्थ उद्यानातून आलेली वाघांची जोडीही लोकांनी काचेतूनच पाहिली.

काचेचा सगळ्यात खर्चिक प्रयोग पेंग्विनांचा. जुलै २०१६ मध्ये सोलहून आठ हम्बोल्ट पेंग्विन मुंबईत उतरले. ऑक्टोबरात त्यातला एक दगावला आणि महापालिकेच्या राजकारणाला महिनोन्‌महिने पुरेल असा विषय मिळाला. मार्च २०१७ मध्ये दालन लोकांसाठी उघडलं. त्याच वर्षी ऑगस्टपासून मोठ्यांचं तिकीट पाच रुपयांवरून पन्नासवर गेलं. रांगा काही कमी झाल्या नाहीत.

पेंग्विन म्हणजे बर्फ, ही आपली समजूत. हम्बोल्ट पेंग्विन बर्फावर राहत नाही. पेरू आणि चिलीचा खडकाळ किनारा हे त्याचं घर. त्या किनाऱ्यालगत वाहणाऱ्या थंड प्रवाहामुळे समुद्र गार राहतो, मासळी मुबलक मिळते. भायखळ्यात तो प्रवाह यंत्रांनी करावा लागतो: बाहेर मे महिन्याची काहिली, आत सोळा-अठरा अंश. वर्षातून एकदा पेंग्विनाची सगळी पिसं झडून नवी येतात. जुनी पिसं निघाल्यावर पाणी अंगाला लागू द्यायची सोय नसते, म्हणून तेवढे दिवस तो समुद्रात उतरत नाही, खाणंही बंद. त्या काळात तो अंगावर फाटकी गोधडी लोंबत असल्यासारखा एका जागी उभा राहतो, आणि पन्नास रुपये मोजून आलेला माणूस काचेवर टकटक करून बघतो.

१५ ऑगस्ट २०१८ ला इथं पिल्लू जन्मलं. देशात जन्मलेलं पहिलं पेंग्विन म्हणून वर्तमानपत्रांत झळकलं, आणि आठवड्याभरात गेलं. पुढच्या वर्षांत जन्मलेली पिल्लं मात्र जगली, कळपात मिसळली.

हत्तींचं उलट आहे. केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणानं २००९ मध्येच प्राणिसंग्रहालयांत हत्ती ठेवू नयेत असं ठरवलं. फेरीचा हौदा केव्हाच उतरला. सहलीची पोरं आता आधी पेंग्विनांच्या गारव्यात शिरतात, काचेला नाक लावतात, श्वासाची वाफ धरते ती बाहीनं पुसतात. परतताना दगडी हत्तीपाशी फोटो होतो. त्याला गज नाहीत, काचही नाही.