परत येणारा पाहुणा

‘मी पुन्हा येईन हं!’ हे वाक्य आपण किती सहज बोलून जातो, नाही? सुट्टी संपवून निघालेला मामा म्हणतो, बदली झालेल्या शाळेतल्या बाई म्हणतात. म्हणणारा कधी कधी विसरतो. ऐकणारं मूल मात्र विसरत नाही. आणि ते मूल आपल्या आईवडिलांपासून शेकडो मैल दूर असेल, तर ते एकेक दिवस मोजत राहतं.

आज तुम्हाला अशाच एका ‘पुन्हा येईन’ची खरी गोष्ट सांगायची आहे. ती घडली आपल्या शेजारच्या नेपाळमध्ये.

सन २००४. कॉनर ग्रेनन नावाचा २९ वर्षांचा अमेरिकन तरुण नोकरी सोडून वर्षभर जग हिंडायला निघाला होता. नुसतीच भटकंती केली तर लोक काय म्हणतील? म्हणून सुरुवातीचे तीन महिने त्याने एका चांगल्या कामासाठी राखून ठेवले. काम होतं नेपाळमधल्या एका बालगृहात स्वयंसेवक म्हणून राहण्याचं. लहान मुलांना सांभाळण्याचा त्याला काडीचाही अनुभव नव्हता!

काठमांडूच्या दक्षिणेला, फूलचोकी डोंगराच्या पायथ्याशी एक गाव आहे. गावाचं नाव गोदावरी. हो हो, आपल्या नाशिकच्या नदीचंच नाव! तिथल्या ‘लिटल प्रिन्सेस’ या बालगृहात तो पोचला. ‘लिटल प्रिन्सेस’ म्हणजे छोटे राजकुमार. पण हे राजकुमार राजवाड्यात राहणारे नव्हते. घर साधं, दोन्ही वेळा जेवायला डाळभात, खेळणी जेमतेम. दंगा मात्र भरपूर! पाहुणा दारात आला की मुलं त्याच्या अंगावर धावून येत, खांद्यावर चढत, हात ओढत. थोड्याच दिवसांत कॉनरला त्यांचा लळा लागला. तीन महिने संपले, निघायची वेळ आली, तेव्हा तो मुलांना म्हणाला, ‘मी पुन्हा येईन.’

असं म्हणणारे अनेक जण मुलांनी पाहिले होते. कॉनर मात्र जग फिरून साधारण वर्षभराने खरोखरच परत आला.

अनाथ? छे!

गोदावरीची ही मुलं अनाथ आहेत, असंच सगळे धरून चालले होते. खरी हकिगत उलगडली ती एका आईमुळे. तिथल्या दोन मुलांची आई त्यांना शोधत आली. म्हणजे आई तर जिवंत होती! मग मुलं अनाथाश्रमात कशी?

त्यासाठी थोडा इतिहास समजून घ्यायला हवा. १९९६ ते २००६ अशी दहा वर्षं नेपाळमध्ये यादवी युद्ध चाललं होतं. एका बाजूला सरकार, दुसऱ्या बाजूला माओवादी बंडखोर. नेपाळच्या वायव्य टोकाला हुम्ला नावाचा जिल्हा आहे. अतिशय दुर्गम आणि अतिशय गरीब. तेव्हा तिथे मोटार जाईल असा रस्ताच नव्हता. बंडखोर गावागावांतून मुलांना आपल्या फौजेत ओढून नेत. आईबापांच्या पोटात भीतीचा गोळा उठे.

अशा वेळी गावात एखादा गोडबोल्या माणूस येई. ‘तुमच्या मुलाला काठमांडूला नेतो. चांगल्या शाळेत घालतो. पोटभर जेवण मिळेल, शिवाय लढाईपासून लांब राहील,’ असं सांगे. त्याबद्दल तो भरपूर पैसे घेई. कुणी कर्ज काढलं, कुणी जमीन विकली. मुलगा शिकेल, जगेल, एवढीच त्यांची आशा होती.

हे गोडबोले म्हणजे मुलांचे दलाल होते. काठमांडूला आणल्यावर ते मुलांना वाऱ्यावर सोडून देत, नाहीतर ‘अनाथ’ म्हणून कुठल्यातरी आश्रमात भरती करत. नेपाळमध्ये अशा कामासाठी आईवडील मेल्याचे खोटे दाखलेसुद्धा बनवले जात. आपले आईबाबा कुठे आहेत हे मुलांना सांगता येत नसे, आणि गावाकडे ना फोन ना रस्ता. आई डोंगरात वाट पाहतेय आणि मूल शहरात!

त्या शोधत आलेल्या आईच्या आसऱ्याला आणखी सात मुलं होती. दलालाने तिच्या गळ्यात टाकलेली, उपाशी, खंगलेली. तिच्याकडेच खायला नव्हतं, ती त्यांना काय देणार? या सातही जणांना सुरक्षित ठिकाणी नेण्याची व्यवस्था कॉनर आणि त्याच्या मित्रांनी केली. पण कॉनर अमेरिकेला परतला आणि मागे दलालाने डाव साधला. मुलांना कुणी न्यायच्या आतच त्याने ती गायब केली.

पुन्हा एकदा नेपाळ

आता काय करायचं? ‘मी माझ्या परीने केलं’ असं म्हणून गप्प बसता आलं असतं. कॉनरने तसं केलं नाही. त्याने मदत गोळा केली, २००६ मध्ये ‘नेक्स्ट जनरेशन नेपाळ’ नावाची संस्था सुरू केली आणि तो तिसऱ्यांदा नेपाळला गेला. हरवलेल्या मुलांचा माग काढत राहिला. एकेक करत मुलं सापडू लागली. त्यांच्यासाठी काठमांडूत घर उभं राहिलं.

पण त्याला ठाऊक होतं की हे घर म्हणजे मुलांचं खरं घर नव्हे. खरं घर होतं हुम्लात. मग तो तिकडेच निघाला. सिमिकोट हे हुम्ल्याचं मुख्य गाव. तुमच्या ओळखीचं कुणी नेपाळमार्गे कैलास-मानसरोवरला जाऊन आलं असेल, तर त्यांना हे नाव नक्की माहीत असेल. नऊ हजार फुटांहून उंचावरच्या या गावी छोटंसं विमान उतरतं. तिथून पुढे कॉनरला पायीच जायचं होतं. कड्यांवरच्या अरुंद वाटा, खाली खळाळती कर्णाली नदी, हिवाळा तोंडावर आलेला. बर्फ पडायला लागलं की विमानं बंद, म्हणजे अडकलोच! त्यातच त्याचा गुडघा दुखावला. युद्ध थांबवणारा शांतता करार त्याच सुमारास, २१ नोव्हेंबर २००६ रोजी झाला होता, पण डोंगरातली भीती लगेच कुठे सरते?

त्याच्या पिशवीत सर्वांत मोलाची वस्तू होती मुलांचे फोटो आणि त्यांनी लिहिलेली पत्रं. गावोगाव तो फोटो दाखवत हिंडला. ‘हा मुलगा कुणाचा?’ आणि एकामागून एक आईबाप पुढे येऊ लागले. मूल आहे की नाही, हेच ज्यांना कळायला मार्ग नव्हता, त्यांच्या हातात मुलाचा हसरा फोटो! विचार करा, काय वाटलं असेल त्यांना?

घर सापडलं, पुढे काय?

तुम्हाला वाटेल, संपली गोष्ट, मुलं दुसऱ्याच दिवशी घरी गेली. तसं नाही बरं का! किती वर्षं दूर राहिलेली मुलं ती. आपल्या गावची बोली काही जण विसरत चालले होते. गावात शाळेची सोय धड नव्हती. घरी अठराविश्वं दारिद्र्य. काही पालकांनाच वाटे, ‘तिकडे शिकतोय तर शिकू दे.’ म्हणून हे काम हळूहळू करावं लागतं. आधी पत्रं, मग भेटी, सुट्टीत घरी राहणं, घरच्यांना मदत, मग कायमचं परतणं. दोनचार आठवड्यांसाठी येणाऱ्या पाहुण्याच्या हातून हे व्हायचं नाही. त्यासाठी तिथेच राहणारी, तिथली भाषा बोलणारी नेपाळी माणसं लागतात.

कॉनरने ही सगळी हकिगत ‘लिटल प्रिन्सेस’ याच नावाच्या इंग्रजी पुस्तकात लिहिली. ते २०११ मध्ये प्रसिद्ध झालं. पण त्याच्या संस्थेने पुढे जगाला जे सांगितलं ते अधिक महत्त्वाचं आहे. नेपाळातले बहुतेक अनाथाश्रम काठमांडू, पोखरा, चितवन अशा पर्यटकांच्या भागांतच गर्दी करून का आहेत? गरीब तर हुम्लाही आहे! कारण सरळ आहे. जिथे पाहुणे, तिथे देणग्या. पाहुण्यांना ‘अनाथ’ मुलं भेटावीत म्हणून दलाल खेड्यातून मुलं आणतात. म्हणजे पाहुणा मनापासून मदत करायला येतो आणि त्याच्या नकळत एक मूल आपल्या घरापासून तुटतं! शिवाय दर महिन्याला नवा ताई-दादा यायचा, जीव लावायचा आणि निघून जायचा. मुलांच्या मनाला किती वेळा चटका बसावा?

हे जगाच्या लक्षात येऊ लागलं आहे. २०१५ च्या एप्रिलमध्ये नेपाळात मोठा भूकंप झाला, तेव्हा दलालांचं फावू नये म्हणून सरकारने पालकांशिवाय मुलांना जिल्ह्याबाहेर नेण्यावर बंदी घातली. ऑस्ट्रेलियाने २०१८ मध्ये आधुनिक गुलामगिरीविरुद्ध कायदा केला, तेव्हा पैशासाठी मुलांना अनाथाश्रमात भरण्याचाही त्यात विचार झाला. पाठोपाठ २०१९ च्या डिसेंबरमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनेही ठराव केला. त्यात मुलांनी शक्यतो कुटुंबातच वाढावं यावर भर होता.

आपण काय करायचं?

मग कुणाला मदतच करायची नाही का? अहो, तसं मुळीच नाही! मदत जरूर करायची, पण डोळे उघडे ठेवून. आपल्याकडेही वाढदिवसाला आश्रमात जाऊन खाऊ वाटण्याची पद्धत आहे. आईबाबांबरोबर पुढच्या वेळी जाल, तेव्हा पुढचे प्रश्न विचारून पाहा.

• या मुलांचे आईवडील किंवा नातेवाईक आहेत का? त्यांना भेटता येतं का?

• मुलांना घरी परत पाठवण्यासाठी संस्था काय करते?

• कुणीही अनोळखी माणूस सरळ आत जाऊन मुलांमध्ये मिसळू शकतो का? (उत्तर ‘हो’ असेल तर काळजीचीच गोष्ट!)

• आम्ही मुलांना भेटण्याऐवजी त्यांच्या शाळेच्या फीला, पुस्तकांना किंवा घरच्यांना हातभार लावला, तर जास्त उपयोग होईल का?

चांगली संस्था या प्रश्नांनी रागावत नाही. उलट तिला आनंदच होतो. आणि हो, तिथल्या मुलांसोबत फोटो काढण्याआधी स्वतःला विचारा, ‘माझ्या दुःखाच्या दिवशी कुणी माझा असा फोटो काढला, तर मला चालेल का?’

कोकणातल्या आंब्याच्या बागांत राखणीला असलेले, शहरातल्या इमारतींवर पहारा करणारे कितीतरी नेपाळी काका तुम्ही पाहता. त्यांतल्या अनेकांची मुलं दूर डोंगरातल्या गावी असतात. या सुट्टीत त्यांच्याशी दोन शब्द बोला. त्यांच्या गावाचं नाव विचारा, मुलांची नावं विचारा. आणि ‘पुन्हा येईन’ म्हणालात ना, तर मात्र नक्की जा!