मेला कुठे ते कळलं, पण का मेला?

हॉस्टेलवाल्यांना काउंटर-स्ट्राइक म्हणजे काय हे सांगायची गरज नाही. डे-स्कॉलर मंडळींसाठी थोडक्यात सांगतो : पाच विरुद्ध पाच, एक बाजू बॉम्ब लावणार, दुसरी अडवणार, आणि रेक्टर येईपर्यंत आरडाओरडा!

गेल्या सेमिस्टरला आमच्या विंगच्या टीममध्ये भांडण झालं. कॅप्टनचं म्हणणं, "मन्या सारखा रॅम्पवर मरतो, त्याला काढा." मन्या म्हणे, "मला तिथं उभं कोण करतं?" शब्दाने शब्द वाढला आणि दोघे मेसमध्ये वेगवेगळ्या टेबलांवर बसू लागले. मी म्हटलं, आपण इंजिनिअर होणार ना? मग भांडायचं कशाला, मोजू या!

मोजायचं कसं? तर या खेळाची 'डेमो' नावाची फाइल असते. लोकांना वाटतं तो व्हिडिओ आहे, पण तसं नाही. सर्व्हर खेळाचा वेळ 'टिक'मध्ये मोजतो. कुठल्या टिकला कोण कुठे होता (क्ष, य आणि उंची झ), कुठे बघत होता, कुणी कुणाला कशाने मारलं, हे सगळं डेमोत आकड्यांच्या रूपात असतं. पायथनमधल्या तयार लायब्रऱ्या वापरल्या की त्याचा सरळ तक्ता मिळतो.

हात बसावा म्हणून आधी मोठ्या स्पर्धेची फाइल घेतली. ७ नोव्हेंबर २०२१, स्टॉकहोम मेजरची फायनल, नाटस विन्सेरे विरुद्ध जी-टू. नाटस विन्सेरेने ती २-० अशी जिंकली, आणि अख्ख्या मेजरमध्ये एकही मॅप न हरणारी ती पहिली टीम ठरली. फायनलचा दुसरा मॅप होता 'न्यूक', म्हणजे अणुवीज केंद्र. तो ओव्हरटाइममध्ये २२-१९ असा संपला. एकूण ४१ फेऱ्या, म्हणजे डेटा भरपूर.

आता हे आकडे नकाशावर बसवायचे. खेळाबरोबर येणारं नकाशाचं चित्र १०२४ बाय १०२४ पिक्सेलचं असतं, आणि त्याच्या जोडीला तीन आकडे मिळतात. न्यूकसाठी ते असे : डावा-वरचा कोपरा क्ष = उणे ३४५३, य = २८८७, आणि स्केल ७, म्हणजे एक पिक्सेल = खेळातली ७ युनिट्स. समजा खेळाडू क्ष = ६०७, य = उणे ६९७ इथे आहे. मग आडवं अंतर (६०७ + ३४५३) भागिले ७ = ५८० पिक्सेल. उभं अंतर (२८८७ + ६९७) भागिले ७ = ५१२ पिक्सेल. झालं! फक्त एक लक्षात ठेवा, खेळात य वर जाताना वाढतो आणि स्क्रीनवर खाली येताना. म्हणून दुसऱ्या वजाबाकीत क्रम उलटा. मी पहिल्यांदा हे विसरलो, आणि खेळाडू चक्क भिंतीत मरताना दिसले.

दुसरी ठेच उंचीची. न्यूकमध्ये ए साइट वर आणि बी साइट बरोब्बर तिच्या खाली आहे. झ सोडून दिला की दोन मजल्यांवरचे मृत्यू एकाच लाल डागात मिसळतात. म्हणून झ उणे ४९५ च्या वर असेल तर वरचा नकाशा, खाली असेल तर खालचा, असे दोन वेगळे कागद करावे लागतात. ग्राउंड फ्लोअर आणि बेसमेंटचे प्लॅन एकाच शीटवर एकावर एक काढले तर ड्रॉइंगचे सर काय करतील, आठवा!

तिसरी गोष्ट साफसफाईची. वॉर्म-अपमधले आणि सुरुवातीच्या चाकूच्या फेरीतले मृत्यू काढून टाकायचे. फेरी सुरू व्हायच्या आधी सगळे आपापल्या तळावर काही सेकंद थिजून उभे असतात, तो वेळही गाळायचा. नाहीतर जिथे काहीच घडत नाही तीच जागा नकाशावर सगळ्यात जास्त तापलेली दिसते.

एवढं जमल्यावर आमच्याच मॅचेसच्या डेमो घेतल्या. हीटमॅप काढला, आणि रॅम्पवर मन्याच्या नावाचा हा एवढा लाल डाग! कॅप्टन खूश. मन्या गप्प. मीही जवळजवळ निकाल देऊन बसलो होतो.

पण रात्री झोप येईना. डाग कसला होता? मृत्यूंच्या संख्येचा. समजा 'अ' ४० फेऱ्या रॅम्पवर उभा राहिला आणि १० वेळा मेला, 'ब' १० फेऱ्या उभा राहिला आणि ५ वेळा मेला. डाग 'अ'चा मोठा दिसेल. पण 'अ' चारात एकदा मेला, आणि 'ब' दोनात एकदा. कच्चा कोण? म्हणजे भागाकार राहिलाच होता! जागेवर घालवलेल्या वेळाने भागल्याशिवाय हीटमॅप फक्त एवढंच सांगतो की माणसं कुठे जातात.

मग डेमोतूनच प्रत्येकाचा रॅम्पवरचा वेळ मोजला आणि नकाशा पुन्हा काढला. मन्याचा डाग फिका पडला. तिथं सर्वात जास्त वेळ तोच उभा असायचा, आणि तोही एकटा. उलट कॅप्टनसाहेब जेव्हा केव्हा रॅम्पवर गेले, तेव्हा फार काळ टिकलेच नाहीत. शिवाय मारणाऱ्यापासून मरणाऱ्यापर्यंत रेषा ओढल्या, तर मन्याला संपवणाऱ्या रेषा दोन-दोन बाजूंनी येत होत्या. एकटा माणूस एका वेळी एकाच बाजूला बघणार ना!

प्रिंटआउट दोघांपुढे ठेवली. कॅप्टनने काही कबूल केलं नाही. पण पुढच्या मॅचला मन्याच्या जोडीला रॅम्पवर तो स्वतः उभा राहिला. मेसमध्ये आता एकच टेबल आहे.

तर मंडळी, सर्वात जास्त केट्या एम-थ्रीत लागतात असं कुणी म्हणालं, तर आधी विचारा, पेपरला बसले किती? लाल डाग बघून कुणाला टीममधून काढण्यापूर्वी भागाकार करून बघा. चौथीत शिकलोय आपण तो!