खेळाचे मोल

शाळा सुटल्यावर मैदानावर आपण जो खेळ खेळतो, त्याबद्दल कोणी मोल देत नाही आणि आपणही ते मागत नाही. परंतु तोच खेळ एखाद्याच्या उपजीविकेचे साधन झाला म्हणजे त्यास किंमत येते, करार येतो आणि त्याबरोबर काही धोकेही येतात. असा व्यवसाय कसा सुरू होतो व त्याच्या पहिल्या काही वर्षांत काय घडते, हे विद्यार्थ्यांनी व त्यांच्या पालकांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

या प्रश्नाचा उगम पाहू गेल्यास इंग्लंडातील एक जुनी हकीकत सांगावी लागते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथील उत्तरेकडील गावांत गिरणीकामगार व कोळशाच्या खाणीतील मजूर रग्बी हा खेळ मोठ्या आवडीने खेळत असत. शनिवारी सकाळीही त्यांना कामावर हजर राहावे लागे. त्यामुळे परगावी सामना असला की मजुरी बुडे. ही बुडालेली मजुरी क्लबांना भरून देऊ द्यावी, एवढीच मागणी होती. खेळाच्या मध्यवर्ती संस्थेने १८९३ साली ती फेटाळली. खेळ हा केवळ हौसेखातर खेळावा, असे तिच्या धुरीणांचे म्हणणे होते. अखेर २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्ड येथे उत्तरेकडील क्लबांनी आपला स्वतंत्र संघ स्थापिला व खेळाडूस दिवसास सहा शिलिंगांपर्यंत भरपाई देण्याचे ठरविले. पुढे १९०६ पासून तेरा-तेरा खेळाडूंचा झालेला आणि रग्बी लीग या नावाने प्रसिद्धीस आलेला खेळ तो हाच. विशेष ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की, १८९८ साली या संघाने उघड मोबदल्यास परवानगी दिली, तीही खेळाडूस दुसरा नियमित कामधंदा असलाच पाहिजे, या अटीवर.

रग्बी लीग आपल्याकडे फारशी कोणी खेळत नाही; परंतु तिच्याशी नाते सांगणारा एक खेळ आपल्या मातीत आहे, तो म्हणजे कबड्डी. एकट्याने प्रतिपक्षाच्या फळीवर चालून जावे आणि अनेकांनी मिळून त्यास धरून पाडावे, ही गंमत दोन्ही खेळांत सारखीच. बेलापूर-पनवेलच्या आगरी व कोळी गावांत तर नवी मुंबई वसण्यापूर्वीपासून कबड्डीचा डाव रंगत आला आहे.

या खेळात नैपुण्य मिळविणाऱ्या तरुणास पूर्वी मिळणारे मोठे फळ म्हणजे नोकरी. रेल्वे, पोलीस, बँका, तेल कंपन्या आपापले संघ बाळगीत व चांगल्या खेळाडूस कामावर घेत. २६ जुलै २०१४ रोजी मुंबईत प्रो कबड्डी लीगचा आरंभ झाला आणि लिलावाची पद्धत रूढ झाली. प्रत्येक संघाजवळ खर्चावयाची रक्कम ठरलेली असते. खेळाडूची मूळ किंमत पुकारली जाते व जो संघ सर्वांत अधिक बोली लावील त्याच्याकडे तो जातो.

या नव्या व्यवस्थेत पदार्पणाची वर्षे कशी जातात, हे कोल्हापूर जिल्ह्यातील चंदगड तालुक्याचे खेळाडू श्री. सिद्धार्थ देसाई यांच्या उदाहरणावरून उत्तम कळते. २०१८ च्या लिलावात मुंबईच्या यू मुंबा संघाने त्यांना ३६ लाख ४० हजार रुपयांस घेतले, तेव्हा त्यांच्या वयाची पंचविशी उलटून गेली होती. त्यांचा पहिलाच सामना पुणेरी पलटणशी झाला व तो ३२-३२ असा बरोबरीत सुटला. चढाई तीस सेकंदांची असते आणि तेवढ्यात शिवून परतलेल्या प्रत्येक गड्यामागे एक गुण मिळतो. अशा चढायांतून त्या हंगामात देसाई यांनी २१ सामन्यांत २१८ गुण मिळविले, म्हणजे सरासरी सामन्यामागे दहाहून अधिक! प्रेक्षक त्यांना ‘बाहुबली’ म्हणू लागले. २०१९ साली तेलुगू टायटन्स संघाने त्यांच्यावर १ कोटी ४५ लाखांची बोली लावली. त्या वर्षीच्या लिलावातील ती सर्वोच्च होती. त्यांचे बंधू सूरज हेही त्याच संघातून खेळले.

यापुढचा भाग मात्र अधिक विचार करण्याजोगा आहे. २०२१ साली त्याच संघाने १ कोटी ३० लाख देऊन त्यांना राखले. पण हंगामाच्या आरंभीच दुखापत होऊन त्यांना बाहेर बसावे लागले. २०२२ च्या लिलावात त्यांची किंमत पूर्वीच्या मानाने फारच खाली आली. ते पुन्हा उभे राहिले, मैदानात उतरले, आणि २०२३ साली हरियाणा स्टीलर्स संघाने त्यांना १ कोटी रुपयांस घेतले.

यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली अशी की, लिलावातील किंमत ही माणसाची नव्हे, त्याच्या येत्या हंगामाची असते. चढाई करणाऱ्यावर सात जण तुटून पडतात. तेव्हा दुखापत हा या धंद्यातील अपघात नसून त्याचा नित्याचा भाग आहे. म्हणून दुसरे एखादे शिक्षण वा कसब हाती असणे, ही १८९८ ची जुनी अट आजही शहाणपणाचीच आहे.

दुसरी गोष्ट पालकांस उद्देशून आहे. हडर्सफील्डच्या मजुरांचे भांडण बुडालेल्या वेळेच्या मोलाचे होते. आपल्याकडे पहिली बोली लागण्यापूर्वीची दहा-पंधरा वर्षे सराव, प्रवास, दूध, बूट यांत जातात, आणि त्यांची भरपाई कोणताही संघ करीत नाही. ती घर करते. संध्याकाळी दुकानात वा शेतात राबणारा हुशार मुलगा पुष्कळदा खेळातून गळतो, तो अंगी गुण नाही म्हणून नव्हे, तर त्याचा वेळ कोणी भरून देत नाही म्हणून. अशा मुलास दिवसाचा एक तास मोकळा करून देणे हे त्याच्या घराच्या, शाळेच्या व गावाच्या हाती आहे. कोट्यवधींच्या बोलीचा आकडा वर्तमानपत्रात छापून येतो. हा एक तास कोठेच छापला जात नाही, परंतु त्यावाचून तो आकडा कधी उमटलाच नसता.