देवाचे दार आणि आपला उंबरठा

दिवाळीचा पहिला दिवा आपण देवापाशी लावतो आणि दुसरा उंबरठ्यावर नेऊन ठेवतो. घर चाळीतले असो की बाराव्या मजल्यावरचे, या दोन दिव्यांमधले अंतर फार तर दहा-बारा पावलांचे असते. पण धर्माच्या नावाने महाराष्ट्रात गेल्या शंभर वर्षांत जे वाद झाले, त्यांतले कितीतरी या दहा-बारा पावलांचेच होते. देव आहे की नाही, यावर आपल्याकडे चर्चा पुष्कळ झाल्या, हाणामाऱ्या क्वचितच. तो आहे हे सर्वांनी मान्य केल्यावर त्याच्या किती जवळ कोणी जायचे, यावर मात्र डोकी फुटली, दगड उडाले आणि खटले दिल्लीपर्यंत गेले.

‘सार्वजनिक’ हा शब्द आपल्या तोंडी इतका रुळला आहे की त्याचा अर्थ आपण कधी तपासून पाहत नाही. सार्वजनिक नळ, सार्वजनिक वाचनालय, सार्वजनिक गणपती आणि सार्वजनिक देऊळ. सर्व जनांचे ते सार्वजनिक, अशी सरळ फोड शाळेतले पोरही करील. परंतु महाडचे चवदार तळे नगरपालिकेच्या ठरावाने सर्वांना खुले झालेले असतानाही त्याचे पाणी ओंजळीत घेण्यासाठी १९२७ साली डॉ. आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला. ठराव कागदावर असतो, पाणी तळ्यात असते आणि त्या दोहोंच्या मध्ये माणसे उभी असतात, हे तेव्हा महाराष्ट्राने पाहिले.

पाण्याच्या मागोमाग देवाचा प्रश्न आला. २ मार्च १९३० या दिवशी नाशिकच्या काळाराम मंदिरापुढे सत्याग्रह सुरू झाला. हजारो माणसे मिरवणुकीने आली आणि देवळाचे दरवाजे बंद झाले. त्याच वर्षीच्या रामनवमीला रथाच्या वेळी मारामारी झाली, दगडफेक झाली. पुढे दादासाहेब गायकवाडांसारख्या कार्यकर्त्यांनी हा लढा कधी थांबत, कधी पुन्हा उभा राहत, पाच वर्षे चालवला. रामाच्या मूर्तीचे ओझरते दर्शन एवढीच ज्यांची मागणी असती, त्यांना पाच वर्षे उन्हातान्हात बसण्याचे कारण नव्हते. त्यांना हवी होती ती माणूस म्हणून ओळख. ती मिळाली नाही. ऑक्टोबर १९३५ मध्ये येवल्याला डॉ. आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला लाखो अनुयायांसह बौद्ध धर्माची दीक्षा घेतली. दार लावून घेणाऱ्याला वाटते, आपण देऊळ राखले. बाहेरचा माणूस पाठ फिरवून निघून जातो तेव्हा देवळाने काय गमावले, याचा हिशेब पुजाऱ्याच्या वहीत लिहिलेला नसतो.

पंढरपूरची गोष्ट याहून अवघड, कारण ते संतांचे गाव. महाद्वारातल्या नामदेवाच्या पायरीसमोर चोखोबांची समाधी आहे. मंगळवेढ्याला गावकुसाचे काम करताना भिंत कोसळून चोखोबा गेले आणि त्यांच्या अस्थी नामदेवांनी पंढरीला आणल्या, असे परंपरा सांगते. ज्याला जिवंतपणी आत येऊ दिले नाही, त्याची समाधी आपण दाराशी बांधली आणि तिला नमस्कार करून आत जाऊ लागलो. वर्गात चोखोबांचे अभंग शिकवताना एका विद्यार्थिनीने मला विचारले होते, “सर, यांचे अभंग देवळात म्हणायला चालत होते ना? मग हेच का चालत नव्हते?” पाठ्यपुस्तकाच्या टिपांत या प्रश्नाचे उत्तर नाही. शब्दांना विटाळ होत नाही आणि शब्द रचणाऱ्याचा मात्र होतो, हे कोडे आमच्या समीक्षेने कधी नीट सोडवलेले नाही. भक्ती म्हणून आपण ते सारे गोड मानून घेतले.

ते सोडवायला एका शिक्षकानेच प्राण पणाला लावले. ‘श्यामची आई’ लिहिणारे साने गुरुजी घराघरात ठाऊक आहेत. ते पुस्तक वाचून डोळे पुसणाऱ्या पिढ्यांना गुरुजींचे पंढरपूरचे उपोषण मात्र तितकेसे आठवत नाही. आधी त्यांनी महाराष्ट्रभर हिंडून लोकांना साद घातली आणि मग १ मे १९४७ रोजी पंढरपुरात उपोषण आरंभले. सुमारे दहा दिवसांनी मंदिर हरिजनांना खुले करण्याचे ठरले आणि उपोषण सुटले. देश स्वतंत्र व्हायला तेव्हा तीन महिने उरले होते. देवाचे स्वराज्य देशाच्या स्वराज्याआधी आले, असे म्हणायला हरकत नाही. पण तेही सगळ्यांना मानवले नाही. देवाचे तेज घागरीतल्या पाण्यात काढून घेतले असून देवळात आता नुसता दगड उरला आहे, असे काही सनातनी मंडळी तेव्हा सांगत होती, अशी आख्यायिका पंढरपुरात आहे. खरी-खोटी देव जाणे! गेली पाऊणशे वर्षे लाखो वारकरी त्याच विठ्ठलाच्या पायांवर डोके ठेवून तृप्त मनाने परतत आहेत. तेज कुठे गेले असेल, तर त्यांना त्याची वार्ता नाही.

दार उघडले तरी देवळातला कारभार जुनाच राहिला. विठ्ठलाकडे बडवे, रुक्मिणीकडे उत्पात आणि त्यांच्या जोडीला सेवाधारी, अशी ही वंशपरंपरेची घडी होती. भाविकांच्या तक्रारी वाढल्या, चौकशी आयोग बसला आणि १९७३ साली ‘पंढरपूर मंदिरे अधिनियम’ संमत होऊन हे वंशपरंपरागत हक्क रद्द ठरले. कायदा झाला, पण कोर्टकज्जे काही संपेनात. सर्वोच्च न्यायालयाचा अखेरचा शब्द यायला जानेवारी २०१४ उजाडला. कायद्यापासून निकालापर्यंत चाळीस वर्षे! त्याच वर्षी मंदिर समितीने पूजेच्या कामासाठी सर्व जातींच्या उमेदवारांचे आणि स्त्रियांचेही अर्ज मागवले, मुलाखती घेतल्या. देवाची पूजा कोणी करायची हे जन्मावरून न ठरता अर्जावरून ठरू लागले, ही घटना लहान नव्हे. आपल्याकडे नोकरीचा अर्ज ही रोजची गोष्ट असल्यामुळे तिचे महत्त्व आपल्याला फारसे जाणवले नाही, इतकेच.

दरम्यान दुसऱ्या एका चौथऱ्यावर वाद पेटला. अहमदनगर जिल्ह्यातले, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातले, शनी शिंगणापूर हे घरांना दारे नसलेले गाव म्हणून प्रसिद्ध. शनिदेवाच्या धाकाने तिथे चोरी होत नाही, असा समज. देवही उघड्यावर, छपरावाचून उभा. अशा या बिनदाराच्या गावात स्त्रियांना मात्र चौथऱ्यावर मज्जाव होता. नोव्हेंबर २०१५ मध्ये एका तरुणीने चौथऱ्यावर चढून देवाला तेल वाहिले; त्यानंतर तिथे शुद्धीकरण करण्यात आले. पुढे आंदोलने झाली, मोर्चे अडवले गेले. ज्येष्ठ लेखिका-संपादिका विद्या बाळ आणि अॅड. नीलिमा वर्तक यांनी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. तेव्हा न्यायालयापुढे आला तो १९५६ सालचा कायदा. हिंदूंच्या सार्वजनिक पूजास्थानांत कोणालाही अडवू नये, अडवील त्याला शिक्षा, असे सांगणारा तो कायदा मुळात अस्पृश्यतेच्या प्रश्नातून जन्मला होता. नाशिक आणि पंढरपूरच्या लढ्यांतून आलेली ती किल्ली साठ वर्षांनी स्त्रियांच्या हाती आली आणि कुलपाला बरोबर बसली.

त्यानंतर विश्वस्तांनी जो तोडगा काढला तो मासलेवाईक होता. स्त्रियांना चढू देण्यापेक्षा त्यांनी पुरुषांनाही बंदी केली. समता झाली, पण ती कोणालाच नको असलेली! अखेर ८ एप्रिल २०१६ ला, गुढीपाडव्याच्या दिवशी, पुरुषांचा एक जमाव बंदी मोडून चौथऱ्यावर चढला आणि मग विश्वस्तांनी चौथरा सर्वांना मोकळा केला. याच वर्षी मुंबईच्या हाजीअली दर्ग्यात मजारीपर्यंत जाण्याचा स्त्रियांचा हक्क उच्च न्यायालयाने ऑगस्टमध्ये मान्य केला आणि नोव्हेंबरमध्ये त्या आत गेल्या. म्हणजे उंबरठ्याचा हा आजार एका धर्मापुरता नाही.

यावर श्रद्धाळू माणूस एक आक्षेप घेतो आणि तो झटकून टाकण्याजोगा नाही. तो म्हणतो, “आमचा भाव ही कोर्टात मोजायची वस्तू आहे काय? आज न्यायाधीश दार उघडायला सांगतात, उद्या आरती कशी म्हणायची तेही सांगतील. आणि ज्यांची श्रद्धाच नाही, त्यांनी आमच्या देवळाची चिंता का वाहावी?” या बोलण्यात तथ्य आहे. श्रद्धा हुकुमाने उत्पन्न होत नाही आणि हुकुमाने नाहीशीही होत नाही. कोणत्या देवाला तुळस वाहावी आणि कोणत्याला बेल, हे कायद्याने ठरवू नये. परंतु ज्या देवळाला गावाची जमीन लागते, सर्वांची दक्षिणा चालते, यात्रेला सरकारी पाणी, पोलीस आणि एसटी लागते, ते देऊळ माणूस दारात येताच खासगी कसे होते? नैवेद्य कोणता, हा श्रद्धेचा प्रश्न आहे. पंगतीला कोण बसणार, हा सार्वजनिक जीवनाचा प्रश्न आहे. एवढा विवेक ठेवला तर न्यायाधीशालाही आपली हद्द कळेल आणि पुजाऱ्यालाही.

मात्र दार उघडले म्हणून सुधारकांनी निश्चिंत व्हावे, असेही नाही. जुने उंबरठे गेले तिथे नवे घडले आहेत. आषाढीला पंढरपुरात दर्शनाची रांग गोपाळपुरापर्यंत जाते. शेकडो मैल चालून आलेला म्हातारा त्या रांगेत रात्र काढतो. पहाटे मुख्यमंत्री शासकीय महापूजा करतात आणि रांगेतल्या एका वारकरी दांपत्याला त्या पूजेचा मान मिळतो. रूढी सुंदर आहे. पण त्या एका जोडप्याच्या मागे उभ्या असलेल्यांचे काय? ओळखीची चिठ्ठी, साहेबांचा फोन, ‘महनीय व्यक्तीं’चा वेगळा दरवाजा, आणि कित्येक मोठ्या देवस्थानांत पैसे भरून लवकर दर्शनाची सोय. पूर्वी जात विचारून थांबवत, आता खिसा आणि ओळख पाहून पुढे सोडतात. आणि हे सांगताना बोट दुसऱ्याकडे करून चालणार नाही. त्या चिठ्ठीसाठी धडपडणारा बहुधा तुमच्या-आमच्यासारखा पांढरपेशाच असतो. सुटी थोडी, मुले कंटाळलेली, परतीचे तिकीट काढलेले. आपली घाई आपल्याला पटते. रांगेतल्या म्हाताऱ्याची कोणी विचारत नाही.

एकदा मात्र सगळेच उंबरठ्याबाहेर राहिले. मार्च २०२० मध्ये साथीमुळे देवळे बंद झाली. त्या वर्षी पालख्या पायी निघाल्या नाहीत. संतांच्या पादुका एसटीने पंढरीला गेल्या. शतकानुशतके ज्यांना कुणी अडवले नव्हते, त्यांनाही बंद दाराबाहेरून हात जोडणे म्हणजे काय ते कळले. पुढे १६ नोव्हेंबरला, दिवाळीच्या पाडव्याला, देवळे उघडली तेव्हा कित्येकांचे डोळे पाणावले. आठ महिन्यांचा विरह इतका जड गेला, तर पिढ्यान्पिढ्यांचा किती गेला असेल, हा विचार त्या दिवशी किती जणांच्या मनात आला असेल कोण जाणे.

म्हणून या दिवाळीत प्रश्न पंढरपूर-शिंगणापूरचा ठेवू नये, घरचा करावा. सोसायटीत सत्यनारायण असतो. फलकावर ‘सर्वांनी अगत्य यावे’ असे लिहिलेले असते. जिना झाडणारी बाई त्या ‘सर्वां’त येते काय? तिला प्रसाद मिळतो, पण तो द्रोणात घालून जिन्यात, की सतरंजीवर इतरांशेजारी बसवून? घरकाम करणाऱ्या मावशींचा कप आपण कोणत्या फळीवर ठेवतो? सोसायटीत जागा भाड्याने देताना येणाऱ्याचे आडनाव ऐकून आपला आवाज का बदलतो? घरातल्या मुलीला महिन्याच्या चार दिवसांत देवापाशी जाऊ नकोस असे सांगताना आपण तिला नक्की काय शिकवतो? यांपैकी एकाही प्रश्नासाठी उच्च न्यायालयात जावे लागत नाही. तिथे ना विश्वस्त आडवे येतात, ना पोलीस. निकाल घरच्या घरी, फराळाची ताटे मांडता मांडता देता येतो.

आपल्या घरातली मुले हे सारे पाहत असतात. पाठ्यपुस्तकातले चोखोबा ती परीक्षेपुरते वाचतील आणि विसरतील. मावशींचा कप कोणत्या फळीवर होता, हे मात्र त्यांच्या जन्मभर लक्षात राहील.