पाणबुडीवर आकाशमार्गे घाव

९ डिसेंबर १९७१ची रात्र. भारत-पाकिस्तान युद्ध ऐन भरात होते. आदल्याच दिवशी मुंबईहून निघालेली 'आयएनएस खुकरी' ही फ्रिगेट दीवजवळच्या समुद्रात शत्रूच्या पाणबुडीचा माग काढत होती. पण शिकारीचीच शिकार झाली. 'हंगोर' या पाकिस्तानी पाणबुडीच्या पाणतीराने, म्हणजे टॉर्पेडोने, खुकरीचा वेध घेतला आणि काही मिनिटांतच ती बुडाली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १८ अधिकारी व १७६ नौसैनिकांना जलसमाधी मिळाली.

खुकरीवर पाणबुडीविरोधी अस्त्र नव्हते असे नाही. तिच्यावर 'लिंबो' या ब्रिटिश बनावटीच्या उखळी तोफा होत्या. मात्र त्यांचा पल्ला एक किलोमीटरहूनही कमी होता, तर पाणबुडीचा पाणतीर कित्येक किलोमीटरवरून मारा करू शकत होता. पल्ल्यातील ही तफावत जगातील सर्वच आरमारांना सतावत होती. ती दूर करण्याच्या खटाटोपातूनच युद्धनौकेवरून सोडावयाच्या पाणबुडीविरोधी क्षेपणास्त्राचा जन्म झाला.

या खटाटोपाची सुरुवात पहिल्या महायुद्धात झाली. त्या वेळी युद्धनौका पाणबुडीच्या डोक्यावरून जात आणि मागच्या बाजूने स्फोटकांची पिंपे, म्हणजे 'डेप्थ चार्ज', पाण्यात लोटत. पुढे ध्वनिलहरींनी पाणबुडीचा ठाव घेणारी सोनार यंत्रणा आली. पण नौका अगदी जवळ पोहोचताच सोनारला पाणबुडी दिसेनाशी होई आणि नेमक्या त्याच क्षणी ती निसटे. यावर उपाय म्हणून दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने एका वेळी २४ बॉम्ब पुढे फेकणारे 'हेजहॉग' बनवले. त्याचा पल्ला जेमतेम दोन-अडीचशे मीटरचा, पण लक्ष्य सोनारच्या टप्प्यात असतानाच हल्ला करता येऊ लागला. मे १९४४मध्ये 'यूएसएस इंग्लंड' या एकट्या अमेरिकी नौकेने याच अस्त्राच्या बळावर १२ दिवसांत सहा जपानी पाणबुड्या बुडवल्या.

१९५५मध्ये 'नॉटिलस' ही अमेरिकेची अणुपाणबुडी सागरात उतरली आणि गणित बदलले. पाणबुडी आता दीर्घकाळ पाण्याखाली राहून वेगाने पळू शकत होती. सोनारचा टप्पाही वाढला होता. शत्रूची चाहूल दहा किलोमीटरवरून लागत होती, पण तिथवर अस्त्र पोहोचत नव्हते. ४५ नॉट वेगाच्या पाणतीराला दहा किलोमीटर अंतर कापायला सात मिनिटे लागतात. तेवढ्या अवधीत २५ नॉट वेगाची पाणबुडी पाच किलोमीटरहून अधिक दूर गेलेली असते. पाण्यातून जाणाऱ्या अस्त्राची ही मर्यादा हवेतून जाऊन ओलांडावी, ही कल्पना येथूनच पुढे आली.

१९६१मध्ये अमेरिकी नौदलात दाखल झालेले 'ॲसरॉक' हे तिचे मूर्त रूप. सोनारने दिलेली दिशा व अंतर यांवरून संगणक पाणबुडीच्या संभाव्य स्थानाचे गणित मांडतो. घन इंधनावरील रॉकेट पाणतीराला हवेतून तिथवर नेते आणि गळून पडते. हवाई छत्री उघडते, वेग मंदावतो आणि पाणतीर अलगद पाण्यात शिरतो. मग तो गोलाकार फेऱ्या मारत स्वतःच्या सोनारने लक्ष्य शोधतो. सुमारे दहा किलोमीटरचा हा प्रवास मिनिटाभराचा. त्यामुळे पाणबुडीला निसटायला फारसा वाव उरत नाही.

ॲसरॉकला अण्वस्त्रही जोडता येत असे. ११ मे १९६२ रोजी 'यूएसएस एगरहोम'वरून प्रशांत महासागरात त्याची प्रत्यक्ष स्फोटासह चाचणी झाली. लक्ष्य अवघ्या चार किलोमीटरच्या आत होते. इतक्या जवळ अणुस्फोट घडवणारे अस्त्र वापरणाऱ्यालाही अडचणीचेच. १९८९पर्यंत ते सेवेतून गेले.

ऑस्ट्रेलियाच्या 'इकारा'ने वेगळी वाट धरली. उड्डाण सुरू असतानाच रेडिओ संदेशाने त्याची दिशा सुधारता येत असे. सोव्हिएत संघाच्या 'मेतेल'ने पल्ला ५० किलोमीटरवर नेला. १९९३मध्ये ॲसरॉकची उभ्या नळीतून सुटणारी आवृत्ती आली आणि प्रक्षेपक लक्ष्याकडे वळवण्याची गरजच उरली नाही. हेलिकॉप्टर आल्यावरही ही अस्त्रे टिकली, याचे कारण साधे आहे. वादळात हेलिकॉप्टर उडू शकत नाही. क्षेपणास्त्र मात्र क्षणात सुटते.

भारताने या क्षेत्रात दोन वाटा धरल्या आहेत. जवळच्या टप्प्यासाठी पुण्याच्या एआरडीई या संशोधन संस्थेने वाढीव पल्ल्याचे पाणबुडीविरोधी रॉकेट विकसित केले. जून-जुलै २०२५मध्ये 'आयएनएस कवरत्ती'वरून अशा १७ रॉकेटांच्या चाचण्या झाल्या. दूरच्या टप्प्यासाठी डीआरडीओचे 'स्मार्ट' आहे. हे स्वनातीत क्षेपणास्त्र हलका पाणतीर त्याच्या नेहमीच्या पल्ल्याच्या कितीतरी पलीकडे नेऊन टाकते. ओडिशाच्या किनाऱ्यालगतच्या अब्दुल कलाम बेटावरून ऑक्टोबर २०२०, डिसेंबर २०२१ आणि मे २०२४ मध्ये त्याच्या चाचण्या झाल्या.

मात्र पल्ला वाढला म्हणजे प्रश्न सुटला असे नव्हे. क्षितिजापलीकडची पाणबुडी नौकेच्या सोनारला ऐकू येत नाही. तिचा ठाव 'पी-८आय'सारख्या टेहळणी विमानांनी वा हेलिकॉप्टरांनी घ्यायचा आणि तो क्षणार्धात नौकेपर्यंत पोहोचवायचा, तरच लांब पल्ल्याला अर्थ. खुकरीच्या काळी अस्त्राचा पल्ला तोकडा होता. आता पल्ला आहे. कसोटी आहे ती शत्रूची चाहूल वेळेत लागण्याची.