‘ठाण्याला’ न जाता

‘याला आता ठाण्याला पाठवा’ ही मराठीतली जुनी थट्टा. ठाण्याचे मनोरुग्णालय १९०१ सालचे. डोंबिवलीहून लोकलने जेमतेम अर्धा तास. तरी त्या फाटकापर्यंत पोहोचायला काही घरांना वर्षे लागतात. अंतरापेक्षा ती थट्टाच जास्त आडवी येते.

फोनवर फाटक लागत नाही. १० ऑक्टोबर २०२२ रोजी केंद्र सरकारने ‘टेलि-मानस’ सुरू केले. १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येते. आधी समुपदेशक ऐकून घेतो, गरज पडली तर मानसोपचारतज्ज्ञ.

नैराश्य किंवा चिंतारोगाचा रुग्ण फॅमिली डॉक्टरकडे येतो तो बहुधा पाठदुखी, धडधड, झोप नाही अशा तक्रारी घेऊन. निदानाचा मोठा भाग बोलण्यातूनच होतो, म्हणून पडद्यावरची भेट इथे कामी येते. खरा उपयोग पुढच्या तपासणीत. नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे लागतात. मळमळ मात्र पहिल्याच आठवड्यात सुरू होते आणि माणूस गोळ्या सोडतो. तेव्हा दहा मिनिटांचा कॉल झाला, तर उपचारही टिकतो आणि कामाचा खाडाही वाचतो.

अडचण आहे ती घरातच. वन रूम किचनमध्ये सासूबाई ओट्याशी, नवरा शेजारी. सून डॉक्टरांना ‘बरं आहे’ एवढेच सांगणार. म्हणून डॉक्टरांचा पहिला प्रश्न ‘आत्ता मोकळेपणी बोलता येईल का?’ असा, हो-नाहीत उत्तर देता येईल असा हवा. गच्ची, जिना, मैत्रिणीचे घर, काहीही चालेल. लोकलचा डबा नको!

काही गोष्टी पडद्यावर होत नाहीत. थायरॉईड कमी असले तरी माणूस उदास, सुस्त दिसतो. त्याला रक्ततपासणीच लागते. लिथियम घेणाऱ्यालाही. कानात आवाज येणे, जीव द्यावासा वाटणे, बाळंतिणीचे वागणे अचानक बदलणे, अशा वेळी थेट रुग्णालय गाठावे. टाळेबंदीच्या पहिल्याच दिवशी, २५ मार्च २०२० रोजी, निघालेल्या टेलिमेडिसिनच्या नियमांनुसार अल्प्राझोलामसारखी सवय लावणारी गोळी ऑनलाइन लिहून देता येत नाही. डॉक्टर नाही म्हणाले, तर तो आडमुठेपणा समजू नये.

कॉलआधी जुने कागद आणि चालू गोळ्यांची पाकिटे हाताशी ठेवावीत. आपला पत्ता व जवळच्या एका माणसाचा नंबर डॉक्टरांना सुरुवातीलाच द्यावा. बोलता बोलता कॉल तुटला, तर कोणाला गाठायचे ते त्यांना ठाऊक हवे.